पितळ, पागा आणि पावसाळा

दिवाळीच्या आधी घरोघरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. समई, घंगाळ, तपेली, तबक. कुठे चिंचेचा कोळ, कुठे आमसुलाचे पाणी, कुठे लिंबाची फोड आणि मीठ. काळपट पडलेले पितळ पाहता पाहता पिवळेधमक होते. भांडे उजळले की ते चांगले आहे असे आपण धरून चालतो, आणि भांड्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते.

पितळ उजळण्याचा हाच उद्योग गेली दीडशे वर्षे आणखी एका ठिकाणी चालत आला आहे. बंदुकीतून गोळी सुटल्यावर मागे जी पितळी नळी उरते, जिला आपल्याकडे पोलिसांच्या पंचनाम्यात 'पुंगळी' म्हणतात, ती फेकून देण्यासारखी वस्तू नसते. काडतुसाचा सर्वांत महाग भाग तोच. साफ करून, पुन्हा दारू आणि गोळी भरून ती अनेकदा वापरता येते. त्यामुळे सैन्याच्या कोठारांत आणि नेमबाजांच्या घरी पुंगळ्या स्वच्छ करण्याची नाना घरगुती द्रावणे तयार झाली. त्यांत व्हिनेगर होते, मीठ होते, साबण होता, लिंबाचे आम्ल होते आणि अमोनियाही होता. यांतला शेवटचा पदार्थ पितळाचा छुपा वैरी आहे. ही गोष्ट शास्त्रज्ञांना ज्या घटनेमुळे कळली, ती घडली आपल्याच देशात, इंग्रजी फौजांच्या घोड्यांच्या पागेत. त्या शोधाचा इतिहास आणि त्यातून शिकवण्यासारखे काय आहे, ते या लेखात पाहू.

पितळच का?

१८६६ साली ब्रिटिश सैन्याने स्नायडर बंदूक स्वीकारली. तिच्या काडतुसाचे अंग पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे होते. १८७१च्या मार्टिनी-हेन्री बंदुकीतही सुरुवातीला अशीच गुंडाळी होती. गरम झालेल्या बंदुकीत ही काडतुसे अडकत आणि फाटत. १८८०च्या दशकात त्यांची जागा अखंड पितळातून ओढून काढलेल्या पुंगळीने घेतली. १८८८च्या ली-मेटफर्ड बंदुकीपासून ब्रिटिश सैन्यात तीच रूढ झाली. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे हा सारा बदल त्याच्या उमेदीच्या काळातला.

पुंगळीचे काम वरवर वाटते तितके साधे नाही. दारू पेटली की बंदुकीच्या कोठीत सुमारे ३००० वातावरणांएवढा दाब निर्माण होतो. त्या क्षणी पुंगळीने फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटले पाहिजे, म्हणजे तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येत नाही. दाब उतरताच तिने किंचित आकसले पाहिजे, म्हणजे ती सहज बाहेर काढता येते. फार मऊ धातू आकसत नाही आणि फार कडक धातू फुगताना फाटतो. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे पितळ या दोन्ही गरजा भागवते. म्हणून धातुविज्ञानात या संमिश्राला 'काडतुसी पितळ' असेच नाव पडले.

हे पितळ घडते कसे, तेही पाहिले पाहिजे, कारण पुढच्या कोड्याची किल्ली तिथे आहे. जाड पट्टीतून एक चकती कापतात. दाबयंत्रात तिची वाटी करतात. मग ती वाटी एकाहून एक अरुंद साच्यांतून ओढत ओढत लांब नळी तयार करतात. धातू थंड असताना असा ओढला की तो कडक होतो. म्हणून दोन ओढींच्या मध्ये तो तापवून मऊ करतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. शेवटच्या ओढींनंतर मात्र नळीचा काही कडकपणा मुद्दाम राखावा लागतो. नंतर तोंड आवळून अरुंद करतात आणि त्यात गोळी दाबून बसवतात.

द्रावणांचे रसायन

काळ्या दारूच्या जमान्यात गोळी उडाल्यावर पुंगळीत काजळी आणि क्षार यांचा राप उरत असे. हे क्षार हवेतला ओलावा शोषून पितळ खाऊ लागत. म्हणून पुंगळ्या लगेच साबणाच्या पाण्यात टाकाव्यात असा दंडक होता. १८८०च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या ठाण्यांवर सरावासाठी वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून, धुऊन पुन्हा भरल्या जात.

साबणाने काजळी जाते, पण पितळाचा काळपटपणा जात नाही. तो तांब्याच्या ऑक्साइडचा थर असतो. त्यासाठी आम्ल लागते. चिंचेतले टार्टारिक आम्ल, लिंबातले सायट्रिक आम्ल, व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल ही सर्व एकच काम करतात. ऑक्साइड आणि आम्ल यांच्यापासून तांब्याचा विद्राव्य क्षार आणि पाणी तयार होते आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो. मीठ घातले की क्लोराइड आयन या कामाचा वेग वाढवतात. आजीची चिंच-मिठाची जोडी आणि नेमबाजाची व्हिनेगर-मिठाची जोडी रसायनाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत.

पण द्रावणात पुंगळी जास्त वेळ राहिली तर ती पिवळी न राहता गुलाबी दिसू लागते. जस्त हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. म्हणून आम्ल पृष्ठभागावरचे जस्त आधी विरघळवते आणि तांबे मागे राहते. शिवाय पुष्कळदा वापरलेल्या द्रावणात तांब्याचे आयन साठलेले असतात. ते पितळातल्या जस्ताची जागा घेऊन पुन्हा पृष्ठभागावर तांबे म्हणून बसतात. पितळ धुतलेल्या अशा जुन्या द्रावणात लोखंडाचा स्वच्छ खिळा बुडवला की त्यावर तांब्याचा रंग चढतो, हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. हलकासा गुलाबीपणा वरवरचा असतो. तो दिसला की द्रावण फार तीव्र होते किंवा वेळ फार झाला, एवढे समजावे.

इथपर्यंतचा दोष डोळ्यांना दिसणारा होता. पण १९व्या शतकाच्या अखेरीस एक न दिसणारा दोषही पुढे आला. काडतुसाच्या तळाशी जी स्फोटक टिकली असते, म्हणजे प्रायमर, तिच्यात त्या काळी पाऱ्याचे फल्मिनेट वापरत. काळ्या दारूच्या भरपूर राखेत हा पारा विखरून जाई. नवी धूरविरहित दारू आली, राख उरेनाशी झाली आणि पारा सरळ पितळाला भिडू लागला. तो धातूच्या स्फटिककणांच्या सीमांमधून आत शिरे आणि पुंगळी ठिसूळ होई. ती कितीही लख्ख धुतली तरी दुसऱ्या वेळी फुटण्याची शक्यता राहीच. शेवटी अमेरिकन सैन्याने पाऱ्याचा प्रायमरच सोडून दिला.

पागेतले कोडे

याच सुमारास हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांकडून एक विचित्र तक्रार येत होती. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. तेवढ्या काळापुरता दारूगोळा पागांमध्ये साठवून ठेवत. पाऊस उघडल्यावर पेट्या खोलून पाहावे तर अनेक काडतुसांना तडे गेलेले असत, विशेषतः जिथे पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळलेले असते तिथे. ती कोणी उडवलेली नव्हती, आपटलेली नव्हती. पेटीत पडल्यापडल्याच ती फुटली होती.

यातला धोका उघड आहे. तडा गेलेल्या काडतुसातली दारू सर्दावते, आणि उडवताना वायू तड्यातून मागे येऊ शकतो. पण शास्त्रीय दृष्टीने अधिक अवघड प्रश्न वेगळाच होता. ज्या वस्तूवर बाहेरून कसलाही भार नाही, ती फुटावी का?

या दोषाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. आपण त्याला 'मोसमी तडे' म्हणू. या नावाच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. एक अशी की हे तडे विशिष्ट मोसमात, म्हणजे पावसाळ्यात दिसत. दुसरी अशी की कापलेले लाकूड मुरवताना, ज्याला इंग्रजीत सीझनिंग म्हणतात, त्याला जसे तडे जातात तसे हे दिसतात. कोणतीही खरी माना, नावाने कारण सांगितले नाही. एकीने वेळ सांगितली, दुसरीने साम्य. नाव मिळाले की कारण कळले असे वाटू लागते, हा धोका विज्ञानात नेहमीच असतो.

पावसाळ्यावर संशय येणे स्वाभाविक होते. पण नुसत्या ओलाव्याने पितळ फुटत असते तर आपल्या घरातल्या घागरी आणि बंब कधीच राहिले नसते. ती तर रोज पाण्यात असतात. पितळच वाईट होते म्हणावे, तर त्याच घाणीची काडतुसे इतरत्र शाबूत राहत. याचा अर्थ असा की पुंगळीत काहीतरी होते, पागेच्या हवेतही काहीतरी होते, आणि तडा जायला दोन्हींची गाठ पडावी लागत होती.

आत कोंडलेला ताण

पहिला धागा जर्मनीत सापडला. एमिल हाइन या धातुशास्त्रज्ञाने थंड अवस्थेत घडवलेल्या धातूंमधील अंतर्गत ताणांचा अभ्यास केला आणि १९१४ साली इंग्लंडच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सपुढे त्यावर व्याख्यान दिले. तिकडे अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये मेरिका आणि वुडवर्ड यांनी फुटलेल्या पितळी वस्तू तपासून १९१७ साली अहवाल प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या कॅट्सकिल जलवाहिनीच्या बांधकामातही अशा संमिश्रांचे भाग तडकले होते. म्हणजे हा दोष काडतुसांपुरता नव्हता, आणि हिंदुस्थानापुरताही नव्हता.

भार नसताना ताण कसा असेल? याचे उत्तम उदाहरण बैलगाडीच्या चाकात आहे. लोहार लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव थंड होताना आकसते आणि लाकूड आवळून धरते. गाडी रिकामी उभी असली तरी धाव सतत ताणलेली असते आणि लाकूड सतत दाबलेले असते. दोघांची बेरीज शून्य होते, म्हणून बाहेरून काही जाणवत नाही. पण धावेवर कुठे छिन्नीने खोल घाव घातला तर ती तिथून उलण्याची भीती असते.

थंड ओढलेल्या नळीत धाव आणि लाकूड एकाच धातूचे असतात, एवढाच फरक. साच्यातून जाताना नळीचा बाहेरचा आणि आतला थर सारखे ताणले जात नाहीत. साच्यातून सुटल्यावर एक थर आकसू पाहतो, दुसरा त्याला आकसू देत नाही, आणि ही रस्सीखेच धातूत कायमची कोंडली जाते. अशी नळी लांबीच्या दिशेने चिरली तर ती आपोआप उमलते. त्यात गोळी घट्ट बसवली की तोंडाभोवतीचा ताण आणखी वाढतो. तडे नेमके तिथेच का जात, हे यावरून समजते.

पागेच्या हवेतला गुन्हेगार

दुसरा धागा लंडनजवळच्या वुलिच येथील लष्करी संशोधन विभागात जुळला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली पितळ आणि इतर ताम्रसंमिश्रांच्या मोसमी तड्यांवर आपला निबंध प्रसिद्ध केला. धातूत कोंडलेला ताण आणि हवेतला अमोनिया या दोन गोष्टी एकत्र आल्या की पितळ तडकते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अमोनिया कुठून आला, हे ज्याने एकदा तरी घोड्याच्या पागेत पाय ठेवला आहे त्याला सांगायला नको. घोड्याच्या मुत्रात युरिया असतो. जमिनीतले जीवाणू पाण्याच्या साहाय्याने त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतात. अमोनिया हवेपेक्षा हलका वायू आहे. तो सहज पसरतो, पाण्यात विलक्षण विरघळतो आणि लाकडी पेट्यांच्या फटींतून आत शिरतो.

ओल्या पितळावर तो काय करतो? हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तो तांब्याशी संयोग पावून गडद निळे विद्राव्य जटिल संयुग बनवतो. प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर जो सुंदर निळा रंग येतो, तोच हा. पितळासारख्या धातूचे संरक्षण पृष्ठभागावरच्या पातळ थरामुळे होत असते. ताण असलेल्या जागी हा थर फाटतो, उघड्या पडलेल्या तांब्याला अमोनिया विरघळवतो आणि एक सूक्ष्म खाच तयार होते. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो, थर पुन्हा फाटतो आणि खाच आणखी खोल जाते. ती मुख्यतः स्फटिककणांच्या सीमांवरून सरकत राहते. एकूण धातू विरघळतो तो नगण्य. वजन करून पाहिले तर फरकही कळणार नाही. पण नळी आरपार चिरली जाते.

आता पावसाळ्याची भूमिकाही स्पष्ट होते. काडतुसे पागेत गेली ती पावसाळ्यामुळे. ती महिनोन्महिने हलली नाहीत तीही पावसाळ्यामुळे. दमट हवेने पितळावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरला आणि त्यात अमोनिया विरघळला. पावसाळ्याने सर्वांना एका जागी आणले, पण सुरी त्याच्या हातात नव्हती.

एकाच रसायनाचे दोन धर्म

गंमत अशी की त्याच काळात सैनिक अमोनियाचा उपयोग अगदी निराळ्या कामासाठी करत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळ्यांवर तांबे आणि निकेल यांच्या संमिश्राचे आवरण असे. वेगाने जाताना त्याचा लेप नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राही आणि नेम बिघडे. अमेरिकन सैन्यात तो काढण्यासाठी तीव्र अमोनिया, अमोनियम परसल्फेट आणि अमोनियम कार्बोनेट यांचे द्रावण हाताने तयार करून नळीत भरत. ते तांब्याला विरघळवते आणि पोलादाला फारसे काही करत नाही, म्हणून नळी स्वच्छ होते. ज्या अभिक्रियेने बंदूक सुधारली, त्याच अभिक्रियेने काडतूस फुटले. रसायनाला चांगले-वाईट ठरवण्यापूर्वी ते कोणत्या धातूवर आणि कोणत्या अवस्थेत वापरले जात आहे, हे विचारले पाहिजे.

पितळ चमकावण्याच्या बाजारी मलमांतही पुष्कळदा अमोनिया असतो, कारण तो ऑक्साइडचा थर फार लवकर काढतो. समईला त्याने सहसा काही होत नाही. पुंगळीला मात्र तो वर्ज्य आहे. तिच्यात ताण कोंडलेला असतो, आणि पुढे तिला ३००० वातावरणांचा दाब सोसायचा असतो.

मग आपले कल्हईवाले नवसागर वापरतात त्याचे काय, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या भांड्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते आणि ऑक्साइड निघून कथील धरते. पण हे सारे काही क्षणांत आणि कोरड्या, तापलेल्या धातूवर घडते. ओला पापुद्रा आणि लांबलेला सहवास दोन्ही नसतात. शिवाय कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे भांडे त्याहून जास्त तापवावे लागते. या तापमानाचे महत्त्व पुढच्या परिच्छेदात कळेल.

उपाय

तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय तडा जात नाही: तडकू शकणारे संमिश्र, ताण आणि अमोनिया. यांपैकी एक काढली तरी पुरते. संमिश्र बदलता येईल, कारण जस्त १५ टक्क्यांहून कमी असेल तर पितळ या दोषाला फारसे बळी पडत नाही. पण मग पुंगळीला हवे ते गुण मिळत नाहीत. दारूगोळा पागेबाहेर ठेवणे हा शहाणपणाचा उपाय होताच. सर्वांत टिकाऊ उपाय होता ताणच काढून टाकण्याचा. पितळ पूर्ण मऊ करायला ५००-६०० अंशांच्या पुढे तापवावे लागते आणि त्यात कडकपणा जातो. वुलिचच्या संशोधकांनी दाखवले की २५० ते ३०० अंशांच्या आसपास काही काळ तापवले तर कडकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि कोंडलेला ताण मात्र बराचसा निघून जातो.

पुंगळीच्या तोंडाकडचा भाग तर स्वतंत्रपणे ज्योतीवर तापवून मऊ करू लागले. असे तापवल्यावर तिथे निळसर-तपकिरी छटेचा पट्टा उमटतो. पुष्कळ लष्करी काडतुसांवर तो मुद्दाम तसाच ठेवतात, कारण अनुशीतन झाल्याची ती दिसणारी खूण आहे. ज्याला माहीत नाही त्याला तो डाग वाटेल आणि तो घासून काढायला बसेल. घासल्याने अनुशीतन नाहीसे होत नाही, पण त्याची साक्ष मात्र पुसली जाते.

ताण राहिला आहे की नाही, हे तपासण्याची रीतही ठरली. नमुना मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा. ताण असेल तर पारा सीमांतून आत शिरतो आणि थोड्याच वेळात नमुना तडकतो. प्रायमरमधल्या पाऱ्याने जो उपद्रव केला होता, त्याचेच परीक्षेत रूपांतर झाले.

साफसफाईचे नियमही मग कारण पाहून ठरले. पुंगळी सौम्य सायट्रिक आम्लात थोडाच वेळ ठेवावी, भरपूर पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि अमोनिया टाळावा. बंदुकीच्या नळीच्या बाबतीतही असेच झाले. पाऱ्याऐवजी आलेल्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट होते आणि त्या बंदुका तेल लावूनही गंजत. दोष बराच काळ नव्या दारूच्या आम्लांना दिला गेला. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांनी दाखवले की गंजाचे कारण क्लोरेटपासून उरणारे पोटॅशियम क्लोराइड हे साधे क्षार आहे. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणजे महागड्या तेलांना जे जमले नाही ते गरम पाण्याला जमणार होते.

पितळापलीकडे

हा सारा खटाटोप काडतुसांपुरता राहिला असता तर तो लष्करी इतिहासाच्या एका तळटीपेत मावला असता. पण ताण आणि विशिष्ट रसायन यांच्या संगनमताने धातू तडकतो, ही कल्पना पुढे धातुविज्ञानाचा एक स्वतंत्र विषय बनली. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज वाहनांनी भरलेला असताना कोसळला आणि ४६ माणसे मृत्युमुखी पडली. १९२८ साली बांधलेल्या या पुलाच्या एका पोलादी दुव्यात सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा होता. ताण आणि क्षरण यांच्या संयुक्त परिणामाने तो वर्षानुवर्षे वाढत गेला होता. तो अशा जागी होता की दुवा सुटा केल्याशिवाय दिसणे शक्य नव्हते. रंगरंगोटी करून पूल कितीही नवा दिसला असता, तरी त्या तड्याला काही फरक पडला नसता.

वर्गात करण्यासारखे

यासाठी काडतूस मुळीच लागत नाही. ते शाळेत आणूही नये. कायद्याची बंधने आहेतच, शिवाय वापरलेल्या पुंगळीत प्रायमरमधले शिसे उरलेले असू शकते. कडक पितळी पत्र्याच्या चार अरुंद पट्ट्या पुरेत. दोन पट्ट्या इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवून त्यांची टोके दोऱ्याने आवळून बांधा. दोन सरळच ठेवा. झाकणाच्या चार बाटल्या घ्या. दोन बाटल्यांच्या तळाशी थोडे अमोनियाचे द्रावण आणि दोन बाटल्यांच्या तळाशी नुसते पाणी घाला. एक वाकवलेली आणि एक सरळ पट्टी अमोनियावर, तशीच एकेक पाण्यावर, द्रावणाला न टेकता लटकत ठेवा. अमोनिया शिक्षकांनीच, उघड्या खिडकीजवळ, डोळे सांभाळून हाताळावा. आता रोज निरीक्षण नोंदवा. काही तासांत किंवा काही दिवसांत, पत्र्याच्या कडकपणाप्रमाणे, वाकवलेली आणि अमोनियावर टांगलेली पट्टी बाकावर तडकण्याची अपेक्षा आहे. सरळ पट्टी अमोनियावर काळवंडेल, निळसर होईल, पण अखंड राहील. पाण्यावरच्या दोन्ही पट्ट्या तशाच राहतील.

निकाल फळ्यावर दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात मांडा. त्यानंतर विद्यार्थ्यांना एवढेच विचारा की पावसाळ्याला दोषी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने या चारांपैकी कोणत्या बाटल्या पाहिल्या होत्या आणि कोणत्या पाहिल्या नव्हत्या. त्याच्यासमोर एकच बाटली होती, ताण आणि अमोनिया दोन्ही असलेली, आणि ती पावसाळ्यात ठेवलेली होती. बाकीच्या तीन बाटल्या मांडून पाहायला १९२१ साल उजाडले. पोटदुखीचे कारण, पिकावरच्या रोगाचे कारण, परीक्षेतल्या अपयशाचे कारण शोधताना आपल्यासमोरही बहुधा एकच बाटली असते. उरलेल्या तीन कशा असतील, याची यादी विद्यार्थ्यांनी स्वतः करून आणावी, असा गृहपाठ द्यायला हरकत नाही.